बाबांच्या कबरीवर ‘युद्धवीर’ कोरायचं का?

ताई, सलाम.

माझे वडील गेल्या वर्षी, एक्क्याऐंशीव्या वर्षी, प्रभूकडे गेले. १९६६ ते १९८३ ते सैन्यात होते. त्यानंतर २००१ पर्यंत आमच्या तालुक्याच्या गावी मिशनच्या हायस्कुलात शिक्षक. दर रविवारी संडे स्कूल त्यांच्याकडे, आणि पाळकसाहेब नसतील तेव्हा उपासनाही तेच चालवायचे. आता पहिल्या वर्षाची स्मरणसभा आहे, त्याच दिवशी कबरीवर दगड बसवायचा आहे. कुटुंबातर्फे बोलायचं माझ्याकडे आलंय.

धाकट्या भावाला दगडावर ‘१९७१ चे युद्धवीर’ असं कोरायचं आहे. खाली १४४ व्या स्तोत्राचं पहिलं वचन, हातांना युद्ध शिकवणाऱ्या परमेश्वराचं. गावही बाबांना तसंच ओळखतं. पण कपाट आवरताना मला त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, सापडलं. बाबा आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये शिक्षक-हवालदार होते. पदकं चार: संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक आणि नऊ वर्षांच्या सेवेचं एक. सोबत पत्र्याच्या डब्यात जवानांनी पाठवलेली पोस्टकार्डं, बहुतेक हिंदीत. पुष्कळांची सुरुवात एकच, की मास्टरजी, हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. बाबांनी प्रत्येक कार्डावर लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आहेत.

मी वसतिगृहात असताना घरी लिहिलेली पत्रंही अशीच लाल होऊन मला परत यायची. त्याचा राग अजून गेलेला नाही. बाबांनी आम्हाला जवळ घेतल्याचं आठवत नाही. गावातल्या मुलांना फुकट शिकवायचे, माझ्या गॅदरिंगला मात्र कधी आले नाहीत. रात्रीच्या प्रार्थनेत आम्हा दोघांची नावं रोज घ्यायचे, एवढंच. सभेत सगळे म्हणतील, किती प्रेमळ बाप होता. मी काय म्हणू?

भावाला डिस्चार्ज बुक दाखवलं तर म्हणाला, ‘तुला बाबांची इज्जत घालवायची आहे.’ त्याला स्वतःला भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये काढलं होतं. आई म्हणते, ‘जाऊ दे ना, कोरू दे त्याला.’ बाबा स्वतः युद्धाबद्दल कधीच काही बोलले नाहीत.

– एक मुलगी

*

प्रिय ताई, सलाम.

आधी दगडाचं सांगते, कारण कारागिराला मजकूर द्यायची वेळ जवळ आली असणार. ‘युद्धवीर’ कोरू नका. सभेतही तसं म्हणू नका. बाबांनी जे स्वतः उभ्या आयुष्यात सांगितलं नाही, ते त्यांच्या नावाखाली, ते उत्तर द्यायला हजर नसताना लिहायचा अधिकार आपल्याला नाही. हायस्कुलात अठरा वर्षं दर स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताकदिनाला त्यांना झेंड्याजवळ उभं केलं असेल, मुलांना दोन शब्द सांगा म्हणून आग्रह झाला असेल. इतक्या वेळा संधी येऊनही त्यांनी युद्धाची एक गोष्ट सांगितली नाही. ते मौन त्यांचं आहे. त्याच्या आत भीती होती, दुःख होतं, की सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक नाही, भावाला नाही, मला तर नाहीच. ते रिकामंच राहू द्या. आपल्या आवडीची गोष्ट त्यात भरू नका.

पदकांविषयी भावाचा घोटाळा झाला असेल तर त्यात त्याचा दोष नाही, कारण डब्यातून काढल्यावर सगळी पदकं सारखीच वाटतात. शौर्यासाठी दिलेली वेगळी असतात: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल. तुमच्याकडचं संग्राम मेडल हे ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात नेमून दिलेल्या सीमावर्ती भागांत ज्यांनी सेवा केली त्यांना मिळालेलं आहे. पंचविसाव्या वर्षाचं पदक त्या वेळी, म्हणजे १९७२ साली, सेवेत असलेल्यांना मिळालं. नऊ वर्षांचं त्याच्या नावाप्रमाणेच सेवेच्या लांबीचं. सैन्य सेवा मेडलची फीत मात्र नीट बघा. तिच्यावर धातूची बारीक पट्टी असेल तर त्या पट्टीवर प्रदेशाचं नाव असतं, आणि बाबांनी कुठल्या खडतर भागात दिवस काढले याचा तेवढा तरी धागा हाती लागेल. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना त्या वेळी ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ मिळाला. तो तुमच्या यादीत नाही. पण तो नाही म्हणून बाबा कुठे आरामात बसून होते असाही निकाल लावू नका. पलटणीला जोडून दिलेला शिक्षक पलटणीबरोबरच राहतो, तिच्याच लंगरात, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, जेवतो, तिची बदली होईल तिकडे जातो.

मग गावाने त्यांना युद्धवीर कसं केलं? मला वाटतं, कुणीही खोटं न बोलता हे घडलं असावं. सैन्यातल्या माणसाच्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून केलेली ती सोय आहे, पण तिच्यामुळे घरच्यांनाही आपला माणूस कुठे आहे हे कळत नाही. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं, १६ तारखेला ढाक्याला शरणागती झाली. मधल्या दिवसांत लोक रेडिओला कान लावून बसले होते, आणि ज्या घरातला माणूस फौजेत, त्या घरच्या बाईला जो तो विचारत होता, तुमचे कुठे आहेत? ती काय सांगणार? पुढे गणवेशातला माणूस सुट्टीवर आला, काही बोलला नाही, आणि न बोलण्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या परीने लावला. शब्दात इतकं काटेकोर असणाऱ्या माणसाने ही समजूत का खोडली नाही, हा प्रश्न तुमच्या मनात येणार. कदाचित खोडली असेल आणि कुणी ऐकलं नसेल. हे सांगू शकणारं एकच माणूस उरलंय. आईकडे मी येतेच.

त्याआधी बाबांच्या खऱ्या कामाबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला किंचित ओशाळलेपण जाणवलं. ‘फक्त शिक्षक होते’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, तरी ते ओळींच्या मधे वाचता येतं. आर्मी एज्युकेशन कोअर ही सैन्यातली जुनी शाखा आहे. तिची परंपरा १९२१ पासूनची, प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला. त्या काळी भरती होणाऱ्या पुष्कळ जवानांच्या वाट्याला शाळा फारशी आलेली नसे. त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं, नकाशा वाचायला शिकवायचं, ‘आर्मी सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन’च्या परीक्षांना बसवायचं, हे या शिक्षकांचं काम. त्या परीक्षा पास झाल्याशिवाय जवानाची बढती अडायची. म्हणजे एखादा शिपाई नाईक झाला, नाईकाचा हवालदार झाला, त्याच्या घरी चार पैसे अधिक जाऊ लागले, तर त्यामागे दिवसभराच्या परेडनंतर पेंगणाऱ्या माणसांना बाराखडी शिकवणारा एक मास्टरजी असे.

पण बढतीहून मोठी गोष्ट त्या पोस्टकार्डांत आहे, आणि ती तुम्ही सभेत सांगावी असं मला मनापासून वाटतं. ज्याला वाचता येत नाही त्या जवानाला बायकोचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. मूल आजारी आहे, भावकीने बांध सरकवला, सासूशी पटत नाही, तुमची आठवण येते, हे सगळं आधी बराकीतल्या कुणाच्या तरी कानावर पडणार आणि मग आपल्या. उत्तरही दुसऱ्याच्याच हाताने लिहायचं, म्हणजे मनातलं निम्मं पोटातच राहणार. अशा माणसाला अक्षर आलं की घरापासून इतक्या लांब असताना पहिल्यांदा त्याला नवरा-बायकोपुरतं काही बोलता येतं. मी माझ्या हाताने लिहितो आहे, हे त्यांनी मुद्दाम सुरुवातीलाच का कळवलं असेल याचा विचार करा. परीक्षेच्या निकालाआधी त्यांना ती बातमी द्यायची होती. बाबांनी सतरा वर्षं हे केलं, आणि पुढची अठरा वर्षं तेच काम गावातल्या मुलांसाठी. आपल्याकडे, विशेषतः नगर भागातल्या मिशनच्या खेड्यांत, शाळेचा मास्तर आणि रविवारी उपासना चालवणारा माणूस एकच असण्याची चाल फार जुनी. तुमचे बाबा त्या ओळीत बसतात. सैन्यात गेल्याने त्यांचं काम बदललं नाही, वर्ग तेवढा बदलला.

आता लाल शाई.

तुम्हाला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेल की ती शाई म्हणजेच त्यांचं प्रेम होतं. मी तसं म्हणणार नाही. वसतिगृहातल्या मुलीने घरी पत्र लिहिलं तर तिला पत्राचं उत्तर हवं असतं. तुम्हाला मिळाल्या त्या दुरुस्त्या. त्याचा राग आला यात गैर काही नाही आणि तो राग इतकी वर्षं टिकला यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे असं मला वाटतं. जवानांची कार्डं बाबांनी सुधारली आणि स्वतःपाशी ठेवली. तुमची सुधारून परत पाठवली. मी यावर बराच विचार केला. जवानाला त्याच्या पहिल्यावहिल्या पत्रावर लाल रेघा दिसल्या तर तो खचेल, पुन्हा लिहिणार नाही, हे त्यांना कळत होतं. हाताची सवय त्यांना आवरली नाही, पण टपालात टाकण्याआधी ते थांबले. तुमच्या बाबतीत ते थांबले नाहीत. लेक आपलीच आहे, तिला कसलं वाईट वाटायचंय, असं धरून चालले. परक्यांसाठी जपलेली हळुवार समज घरच्यांच्या वाट्याला न येणं हे अनेक शिक्षकांच्या घरात घडतं, आणि घरच्यांना ते बोलूनही दाखवता येत नाही, कारण बाहेर सगळं गाव त्या माणसाचे गुण गात असतं. तुमच्या गॅदरिंगच्या दिवशी ते कुणाच्या तरी मुलाला शिकवत बसले असतील. त्या मुलाचं भलं झालं हे खरं. समोरच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती हेही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आणि ‘एवढंच’ म्हणून तुम्ही जी प्रार्थना एका ओळीत संपवलीत, तिच्यापाशी थांबा. न बोलणारा, जवळ न घेणारा हा माणूस रोज रात्री तुमच्या समोर तुमचं नाव मोठ्याने उच्चारत होता. देवाशी बोलत होता, पण तुम्हाला ऐकू येईल असं बोलत होता. नावापुढे काय असायचं? अभ्यास, तब्येत, परीक्षा, की नुसतं ‘हिला सांभाळ’? वसतिगृहात गेल्यावर तुमचं नाव तसंच राहिलं का, हे भावाला विचारा. तेव्हा घरी तो होता, तुम्ही नव्हता. तुमच्या पाठीमागे रोज काय मागितलं जात होतं हे फक्त त्याला माहीत आहे, आणि हे विचारायला जाल तेव्हा दगडाच्या वादाखेरीज तुम्हा दोघांत बोलायला दुसरं काहीतरी निघेल.

तुमच्या मनातली खरी अडचण मला अशी दिसते: खरं बोललं तर बाबांचा अपमान, मान राखला तर खोटेपणा. पवित्र शास्त्रात ही अडचण नाही. आज्ञा आहे ती आईबापांचा मान राखायची. त्यांना निर्दोष ठरवायची आज्ञा कुठेही नाही. उलट शास्त्राने आपल्या मोठ्या माणसांच्या चुका जशाच्या तशा लिहून ठेवल्या. मोशेला वचनदत्त देशात पाऊल ठेवता आलं नाही हे लिहिलं, दाविदाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाला कसं मारवलं हे लिहिलं. आणि तरी शोक कसा करावा हे शिकायचं तर दाविदाकडूनच शिकावं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. इस्राएलाचा राजा शौल लढाईत पडला. हाच शौल दाविदावर भाला फेकत होता, वर्षानुवर्षं त्याचा जीव घ्यायला टपला होता. दाविदाने त्याच्यासाठी विलापगीत म्हटलं आणि ते यहूदाच्या लोकांना शिकवायला सांगितलं. त्या गीतात भाल्याचा उल्लेख नाही. पण शौलाने मला पोटच्या मुलासारखं वागवलं, असली एकही खोटी ओळ त्यात नाही. तो गरुडाहून वेगवान होता, त्याने इस्राएलाच्या कन्यांना उंची वस्त्रं ल्यायला दिली, असं दाविदाने म्हटलं, कारण ते खरं होतं. काही गोष्टी न सांगणं आणि नसलेल्या गोष्टी सांगणं यांत फार अंतर आहे. तुमचं भाषण या अंतरात उभं राहील.

म्हणून सभेत ‘प्रेमळ’ म्हणू नका, तो शब्द तुमच्या तोंडी खरा वाटणार नाही आणि तुमचा आवाजच ते सांगून जाईल. देवभीरू, शिस्तप्रिय, मनमिळाऊ हेही सोडा. पाळकसाहेब ते म्हणतील, त्यांना म्हणू द्या, त्यांनी पाहिलेला माणूस तसा होता. तुम्ही फक्त तुम्हाला दिसलेलं आणि डब्यात सापडलेलं सांगा. सुरुवात डिस्चार्ज बुकापासून करा: बाबा सैन्यात काय करत होते हे मला ते गेल्यावर कळलं. मग एखादं कार्ड वाचा, पण लिहिणाऱ्याचं नाव-गाव गाळून, आणि त्यात घरगुती मजकूर असेल तर तोही गाळून, कारण ते त्या माणसाचं खासगी आहे. वाचायला आल्याने जवानाच्या आयुष्यात काय बदलत असेल हे तुमच्या शब्दांत सांगा. त्यानंतर लाल शाईचं सांगा, तुमच्या पत्रांसकट. एखादं वाक्य असं ठेवा: ‘माझी पत्रं अशीच सुधारून परत यायची आणि मला त्याचं वाईट वाटायचं. बाबांना हे सांगायचं राहून गेलं.’ त्याच्यापुढे स्पष्टीकरण देऊ नका, सारवासारवही करू नका. समोर बसलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांच्या हातून लाल रेघा खाल्ल्या असतील. काही हसतील, काहींचे डोळे भरून येतील, आणि तुमचा बाप त्यांना ओळखू येईल. मग रात्रीची प्रार्थना, आणि थांबा. गॅदरिंगचं मात्र तिथे काढू नका. तो हिशेब खरा आहे, पण तो मंडळीसमोर मांडायचा नाही. तो आईजवळ बोला, एखाद्या जवळच्या मैत्रिणीजवळ बोला, किंवा रोज ज्याच्यापुढे तुमचं नाव घेतलं जात होतं त्याच्यापुढे. सगळं मिळून सात मिनिटांत बसवा, लिहून काढा आणि कागद हातात धरूनच वाचा. पाठ म्हणायला गेलात तर गळा दाटल्यावर पुढचं वाक्य सापडणार नाही.

आता आई. ‘जाऊ दे ना’ म्हणणाऱ्या बायकांना पुष्कळ काही माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. नवरा सतरा वर्षं बाहेर, पत्त्यावर गावाचं नाव नाही, दोन मुलं, रेशन, दुखणी, सगळं एकटीने. बाबांच्या स्मरणसभेत त्यांचं नाव यायलाच हवं, आणि ‘त्यांच्या पत्नीने साथ दिली’ अशा वरवरच्या वाक्यात नको. दुपारी निवांत बसून विचारा, पण ‘बाबा लढले होते का’ असं नको. कुठल्या सालात कुठून पत्रं यायची, युद्धाच्या दिवसांत शेवटचं पत्र कधी आलं होतं, सुट्टीवर आले तेव्हा कसे दिसत होते, असं विचारा. पलटणीतल्या त्यांच्या रविवारांबद्दलही विचारा. सैन्यात बहुधा एकाच छपराखाली सर्व धर्मांची उपासना होते, त्या सर्वधर्मस्थळात मोजके ख्रिस्ती जवान मिळून प्रार्थना करतात. गावातली संडे स्कूल बाबा तिथूनच शिकून आले असतील. आईने गप्प राहायचं ठरवलं तर जोर करू नका.

भावाशी वागताना मात्र तुमची एक चूक झाली. डिस्चार्ज बुक समोर टाकून तुम्ही त्याला पुरावा दाखवलात, आणि त्याला तो हल्ला वाटला. ज्या मुलाला भरतीच्या रांगेतून परत पाठवलं, तो फौजीचा मुलगा या एका ओळखीवर उभा आहे. ती ओळख जाईल अशी त्याला भीती वाटते, आणि ती जात नाहीये हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्यापुढे पुस्तक नको, पोस्टकार्डं ठेवा. एकेक त्याला वाचू द्या. आणि त्याच्यावर एक काम सोपवा: बाबांचा सैनिकी नंबर, नाव आणि सेवेची वर्षं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, आईला घेऊन गेलात तर उत्तम, आणि डिस्चार्ज बुकावर नोंदवलेल्या रेकॉर्ड ऑफिसला सेवेच्या नोंदींसाठी अर्ज कसा करायचा ते विचारायचं. बाबा कुठल्या पलटणींना जोडलेले होते, १९७१ च्या डिसेंबरात कुठे होते, हे तिथून कळलं तर कळेल. ते आघाडीवर होते असं निघालं, तर तेवढं जरूर लिहा, मी पहिली म्हणेन. पण आधी नोंद, मग दगड. उत्तर यायला वेळ लागेल. स्मरणसभेला दगड तयार नसला तरी बिघडत नाही. साधा क्रूस आणि नाव पुरे.

वचनाबद्दल माझं मत ठाम आहे. १४४ वं स्तोत्र सुंदर आहे, पण हातांना लढाई शिकवण्याचं ते वचन हातात खडू धरलेल्या माणसावर बसत नाही. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडा, दुसरा अध्याय, पहिली तीन वचनं. ते लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात साखळदंडात आहे, मरण जवळ आलंय हे त्याला कळलंय. पहिल्या वचनात तो आपल्या शिष्याला, तीमथ्याला, ‘माझ्या मुला’ म्हणतो. दुसऱ्यात सांगतो की माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ती इतरांना शिकवतील. आणि लगेच तिसऱ्यात म्हणतो की ख्रिस्त येशूचा चांगला शिपाई म्हणून दुःख सोस. बाप, शिक्षक आणि शिपाई एकापाठोपाठ एक, तीन वचनांत. तुमच्या घरात ज्याच्यावरून वाद चालू आहे ते सगळं तिथे एकत्र आहे. भावाला शिपाई हवाय, तो तिसऱ्यात आहे. तुम्हाला बाप हवाय, तो पहिल्यात.

दगडावर बाबांचं नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, त्याखाली ‘आर्मी एज्युकेशन कोअर १९६६–१९८३, शिक्षक १९८३–२००१’, आणि ‘२ तीमथ्य २:१-३’ एवढं कोरा. वचन पूर्ण कोरायला जागा लागते, अक्षर बारीक होतं आणि काही पावसाळ्यांत वाचता येईनासं होतं. संदर्भ पुरे. ज्याला हवं तो घरी जाऊन शोधेल.

कार्डांचं एवढं करा: लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, रबर बँड काढून टाका. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पत्र्याच्या डब्याला गंज धरला असेल तर कागदाच्या कोरड्या खोक्यात हलवा. क्रमांक घालायचे असतील तर खोक्यातल्या पाकिटांवर पेन्सिलीने घाला, कार्डांवर नव्हे. एखाद्या कार्डावर पूर्ण पत्ता असेल तर बाबा गेल्याचं दोन ओळींत कळवा. लिहिणारा हयात नसला तरी त्याच्या घरात कुणीतरी असेल, आणि आपल्या आजोबांनी पहिलं पत्र कुणाला लिहिलं हे त्यांनाही माहीत नसेल.

आणि स्मरणसभेत शास्त्रवाचन भावाकडे द्या. तुम्ही बोलण्याआधी त्याने उभं राहून ती तीन वचनं वाचायची. हे त्याला तुम्ही सांगा, पाळकसाहेबांकरवी निरोप नको. फोनवर नको, त्याच्या घरी जा आणि डबा बरोबर न्या.